एफकेएम फॉर एनबीआर: एका वाक्याने अडवलेला लॉट

भोसरी एमआयडीसीतला एक लहान कारखाना. इथे हायड्रॉलिक व्हॉल्व्ह ब्लॉक जुळवले जातात. ब्लॉक म्हणजे आत तेलाच्या वाटा कोरलेला धातूचा ठोकळा. त्यात व्हॉल्व्ह, प्लग, फिटिंग बसतात आणि प्रत्येक जोडावर एक रबरी ओ-रिंग लागते. संपूर्ण ब्लॉकच्या किमतीत या रिंगा कुठे दिसतही नाहीत, पण चुकीच्या रबराची रिंग बसली तर ब्लॉक गळतो आणि गळका ब्लॉक कुणी घेत नाही.

गिऱ्हाईक इंग्लंडमधलं. त्यांनी आधी दोन वेळा नमुने मागवले होते. पहिल्या नमुन्यात सगळीकडे नायट्राइलच्या रिंगा होत्या, दुसऱ्यात व्हायटॉनच्या. दोन्ही तिकडच्या यंत्रावर लावून पाहिले गेले आणि मग पायलट लॉटची ऑर्डर आली. ऑर्डरमागोमाग त्यांच्या इंजिनिअरचा मेल आला. त्यातलं कामाचं वाक्य एवढंच होतं: ‘फर्दर टू अवर ट्रायल्स, प्लीज सबस्टिट्यूट एफकेएम फॉर एनबीआर ऑन ऑल पायलट-लॉट ब्लॉक्स.’

एनबीआर म्हणजे नायट्राइल रबर. खनिज तेलात छान टिकतं, स्वस्त असतं, पण सतत शंभर अंशांच्या पुढे तापलं की हळूहळू कडक होऊन चिरायला लागतं. एफकेएम म्हणजे फ्लोरोकार्बन रबर. व्हायटॉन हे खरं तर त्यातलं एक ब्रँडनाव, पण शॉपवर एफकेएम असं कुणीच म्हणत नाही. ते दोनशे अंशांच्या आसपासही काम करतं. मात्र थंडीत नायट्राइल ज्या तापमानाला मऊ असतं तिथे साधं व्हायटॉन ताठ होतं, आणि किंमत कितीतरी पट जास्त. म्हणजे कुठलं तरी एक रबर नेहमीच चांगलं, असा मामला नाही. कुठे काय हवं ते यंत्र ठरवतं. म्हणूनच त्या एका वाक्यातली दिशा महत्त्वाची होती.

कारखान्यात ती दिशा उलटी वाचली गेली. ‘व्हायटॉन काढा, नायट्राइल लावा’ असा अर्थ घेऊन पूर्ण लॉट नायट्राइलवर जुळवला गेला.

मी अशा कारखान्यांची इंग्रजी कागदपत्रं तपासून देतो, कधी कधी त्यांच्या लोकांचे वर्गही घेतो. मालकांचा फोन आला तोवर लॉट थांबवलेला होता. ‘सर, आमच्या पोरांना प्रिपोझिशन शिकवा हो एकदा. दोन तासांत होईल ना?’ मी म्हटलं, आधी सगळे मेल पाठवा, आणि ज्यांनी ज्यांनी तो मेल वाचला त्यांना एका टेबलाशी बसवा.

कोणी कसं वाचलं

परचेसच्या मॅडमनी मेल पहिल्यांदा वाचला. त्यांचं इंग्रजी कामचलाऊ नाही. रोज परदेशी पुरवठादारांशी बोलतात. त्यांनी वाक्य डावीकडून उजवीकडे सरळ वाचलं: आधी एफकेएम, मग एनबीआर. आपण मराठीत ‘नायट्राइलच्या जागी व्हायटॉन’ म्हणतो. जुनं आधी, नवं नंतर. त्याच सवयीने त्यांनी पहिलं नाव जुन्याचं धरलं. शिवाय त्याच महिन्यात सगळ्या पुरवठादारांकडून भाव कमी करून घेण्याचं सत्र चालू होतं. महागाच्या जागी स्वस्त, हे त्यांना अगदी पटण्यासारखं वाटलं. चुकीच्या अर्थाला असा आधार मिळाला की मग माणूस वाक्याकडे परत बघत नाही.

क्वालिटीतला इंजिनिअर इंग्रजी माध्यमातला. मॅडमनी त्याला विचारलं होतं. त्याने पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, ‘हो, एफकेएम काढायचंय.’ टेबलाशी मी त्याला कारण विचारलं, तर तो थोडा चिडूनच म्हणाला, ‘सर, मॅचमध्ये प्लेअर सबस्टिट्यूट केला म्हणजे तो बाहेर गेला, एवढं साधं आहे.’ तो शनिवार-रविवारी इंग्लिश फुटबॉल बघतो. आणि फुटबॉलपुरतं त्याचं बरोबरच आहे! तिथल्या समालोचनात ‘ही वॉज सबस्टिट्यूटेड’ म्हणजे त्या खेळाडूला बाहेर बोलावलं. गंमत म्हणजे जो आत येतो त्यालाच ‘सबस्टिट्यूट’ म्हणतात. म्हणजे नाम आत येणाऱ्याचं आणि क्रियापद बाहेर जाणाऱ्याचं. त्याने क्रिकेटवरून अंदाज बांधला असता तर गोंधळ कमी झाला असता. सबस्टिट्यूट फील्डर मैदानात येतो, जात नाही. आयसीसीने २०१९ मध्ये आणलेला कन्कशन सबस्टिट्यूटही आतच येतो.

असेंब्लीच्या सुपरवायझरकाकांना मेल दाखवलाच नव्हता. त्यांच्याकडे तोंडी निरोप गेला: ‘काका, या लॉटला सगळं नायट्राइल.’ त्यांनी तसं केलं. त्यांचा यात काहीही संबंध नाही, हे मी अहवालात पहिल्याच पानावर लिहिलं. कारण असल्या प्रकरणात शेवटी सगळ्यात कमी इंग्रजी येणाऱ्याच्या नावावर बिल फाडायची पद्धत आहे.

मग मॅडमनी गिऱ्हाईकाला उत्तर पाठवलं: ‘अ‍ॅज पर युवर मेल वी हॅव सबस्टिट्यूटेड एफकेएम बाय एनबीआर.’ त्यावर तिकडून ‘थँक्स’ आलं. या उत्तराकडे पुढे परत यावं लागेल. खरं तर चूक तिथेच पकडली जायला हवी होती.

चूक पकडली ती स्टोअरमधल्या दादांनी, आणि तीही इंग्रजीने नव्हे, काट्याने. ब्लॉकबरोबर सुट्या रिंगांची पाकिटं द्यायची होती. रिंगा एकेक मोजत बसत नाहीत. पीस काउंटिंग काट्यावर एका नगाचं वजन साठवून ठेवतात आणि बाकीचा हिशेब काटा करतो. काट्यात साठवलेलं वजन दुसऱ्या नमुन्याच्या वेळचं, म्हणजे व्हायटॉनचं होतं. व्हायटॉन जड असतं. त्याची घनता साधारण १.८ किंवा त्याहून जास्त, नायट्राइलची १.२ ते १.३. त्यामुळे शंभर रिंगांच्या सीलबंद पाकिटाला काटा सदुसष्ट-अडुसष्ट नग दाखवू लागला. दादांना वाटलं पुरवठादाराने माल कमी भरला. त्यांनी परचेसला फोन केला, आवाज चढले. मालक शेजारच्या केबिनमध्ये होते. त्यांच्या कानावर ‘नायट्राइल’ हा शब्द पडला आणि ते उठून बाहेर आले. तिकडचा पहिला नमुना गरम तेलाने गळला होता, हे त्यांना गिऱ्हाईकाने फोनवर सांगितलं होतं. गळका नमुना नायट्राइलचा होता.

ही माहिती कारखान्यात फक्त मालकांना होती. मॅडमना नाही, क्वालिटीला नाही. ती असती तर वाक्य कसंही असतं तरी कुणी उलटं वाचलं नसतं. टेबलाशी हे निघालं तेव्हा मालक जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, ‘बरं, पण वाक्याचं काय ते सांगा.’ ठीक आहे, वाक्याचं सांगतो.

वाक्याचं गणित

मी फळ्यावर लिहिलं: ‘सबस्टिट्यूट टू फॉर एक्स.’ समीकरणातलं हे वाक्य शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं. विचारलं, काय करायचं? सगळे एका सुरात म्हणाले, एक्सच्या जागी दोन ठेवायचे. दोनच्या जागी एक्स ठेवायचा, असं कुणी म्हटलं नाही. मग त्याच्याच खाली लिहिलं: ‘सबस्टिट्यूट एफकेएम फॉर एनबीआर.’ मॅडम हसल्या. क्वालिटीचा पोरगा फळ्याकडे बघत राहिला.

सबस्टिट्यूटचा जुना, प्रमाण वापर असा आहे: क्रियापदाच्या लगेच पुढे येतं ते आत येणारं, आणि ‘फॉर’च्या पुढे येतं ते बाहेर जाणारं. मराठी माणसाला हे अवघड जाऊ नये. ‘नायट्राइलऐवजी’ या शब्दात ‘ऐवजी’ हे शब्दयोगी अव्यय नायट्राइलला मागून चिकटलंय. ‘फॉर एनबीआर’मध्ये ‘फॉर’ एनबीआरला पुढून चिकटलंय. दोन्ही भाषांत चिकटण्याची जागा एकच: जाणाऱ्याच्या अंगावर. आपण जर इंग्रजी वाक्यातले शब्द रांगेने न वाचता ‘फॉर एनबीआर’ हा तुकडा अख्खा उचलला आणि त्याचं ‘एनबीआरऐवजी’ केलं, तर वाक्य आपोआप सरळ होतं. मॅडमनी क्रम उचलला, चिकटलेला शब्द सुटा सोडला. आपल्या शाळांनीच ही सवय लावलीय. प्रिपोझिशन म्हणजे ‘रिकाम्या जागा भरा’मधली एका मार्काची गोष्ट; जागा रिकामी, बाजूला कंसात चार पर्याय. त्यामुळे ते क्रियापदापासून आणि नामापासून सुटं असतं असा समज पक्का होतो. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. पण पहिलीपासून शिका की पाचवीपासून, रिकाम्या जागा त्याच.

पण एवढं सांगून मालकांचं समाधान होईना. ‘म्हणजे फॉरच्या पुढचं ते बाहेर, हा नियम. लिहून लावतो भिंतीवर.’ मी त्यांना थांबवलं. लक्ष्मी रोडच्या दुकानात जाऊन ‘आय वाँट टू एक्स्चेंज धिस शर्ट फॉर अ लार्जर वन’ म्हटलं तर बाहेर जातो हातातला शर्ट, आणि फॉरच्या पुढचा मोठा शर्ट घरी येतो. जुनं सोनं देऊन नवा दागिना घेतानाही तेच: जुनं आधी, फॉरच्या पुढे नवं. स्वॉप आणि चेंज या क्रियापदांचीही चाल साधारण एक्स्चेंजसारखी आहे. म्हणजे प्रिपोझिशन तेच, आणि दिशा बरोबर उलटी! भिंतीवरच्या त्या नियमाने पुढचा लॉट घालवला असता.

कारण फॉर एकटं काहीच ठरवत नाही. ठरवतं क्रियापद. जी क्रियापदं दोन नामं घेऊन चालतात, ती त्यातल्या एकाला थेट हात घालतात आणि दुसऱ्याला प्रिपोझिशनच्या आडून आणतात. सबस्टिट्यूट हात घालतं येणाऱ्याला. एक्स्चेंज हात घालतं देऊन टाकायच्या वस्तूला. रिप्लेस हात घालतं जाणाऱ्याला. म्हणून प्रश्न ‘फॉर की विथ’ हा नाही. या क्रियापदाच्या लगेच पुढे आलेली वस्तू आत येतेय की बाहेर जातेय, हा आहे. एकदा ते कळलं की प्रिपोझिशन फारसं चुकत नाही.

याच घराण्यातली बाकीची क्रियापदं मी त्यांच्याच जुन्या मेलमधून काढून दाखवली. सप्लाय: ‘सप्लाय अस विथ रिंग्ज’ किंवा ‘सप्लाय रिंग्ज टू अस’, त्यांच्याकडे सर्रास ‘सप्लाय अस रिंग्ज’ जायचं, ज्याने अर्थ बिघडत नाही पण कागद कच्चा दिसतो. रॉब आणि स्टील: माणसाला लुटतात, वस्तू चोरतात, म्हणून ‘रॉब अ मॅन ऑफ हिज वॉलेट’ आणि ‘स्टील अ वॉलेट फ्रॉम अ मॅन’. ब्लेम तर दोन्ही बाजूंनी चालतं, ‘ब्लेम परचेस फॉर द डिले’ आणि ‘ब्लेम द डिले ऑन परचेस’. मॅडम म्हणाल्या, ‘दोन्हीत मीच आहे.’

आता त्या इंग्रज इंजिनिअरकडे वळू. त्याचं वाक्य जुन्या वापराप्रमाणे बिनचूक होतं. पण त्याने ते लिहायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्यातही हे क्रियापद उलटं फिरलेलं आहे. ‘सबस्टिट्यूट बटर विथ ऑइल’ म्हणजे लोणी काढून तेल घाला, असं आज सर्रास लिहिलं जातं; यात जाणारं आधी आलं. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण मोठे कोश हा वापर नोंदवतात. रसायनशास्त्रात ‘हायड्रोजन इज सबस्टिट्यूटेड बाय क्लोरीन’ अशी रचना रुळलेली आहे, आणि अकरावी-बारावी सायन्स केलेल्या आपल्या प्रत्येक इंजिनिअरच्या डोक्यात ती बसलेली असते. थोडक्यात, विथ किंवा बाय असेल तर जाणारं आधी, फॉर असेल तर येणारं आधी. नियम म्हणून हे बहुतेक वेळा चालतं. पण फुटबॉलच्या सवयीने फॉरसुद्धा उलटं वापरणारे आहेत, आणि लिहिणारा त्यातला आहे की नाही ते मेलवरून कळायला मार्ग नाही. म्हणून हे क्रियापद सूचनेत आलं की अर्थ माहीत असला तरी उलट विचारायचं. विचारण्यात कमीपणा नाही. इथे व्याकरण येणाऱ्यालाच शंका यायला हवी.

उत्तरातला बाय

आता मॅडमच्या उत्तराकडे. ‘वी हॅव सबस्टिट्यूटेड एफकेएम बाय एनबीआर.’ गंमत अशी की वाक्य म्हणून हे पुरेसं स्पष्ट होतं. बाय आहे, म्हणजे एफकेएम गेलं आणि एनबीआर आलं. इंजिनिअरने ते नीट वाचलं असतं तर त्याला झोप आली नसती. पण त्याने जे पाठवलं होतं त्यातलेच तीन शब्द त्याला परत दिसले: सबस्टिट्यूट, एफकेएम, एनबीआर, आणि तेही त्याच क्रमाने. मधलं एक प्रिपोझिशन बदललंय हे त्याच्या नजरेतून सुटलं. समोरच्याचेच शब्द त्याला परत दिले की तो वाचत नाही, ओळखतो. पुष्टीच्या मेलचा सगळा उद्देशच त्यामुळे बुडतो.

आपल्याकडे ‘अ‍ॅज पर युवर मेल’ लिहून पुढे समोरच्याचंच वाक्य डकवायची पद्धत आहे. त्यात आदर वाटतो, जबाबदारीही त्याच्याकडे सरकते. मी ती पद्धत या कारखान्यात बंद करायला सांगितली. बदलाला उत्तर देताना गिऱ्हाईकाचं क्रियापद वापरायचंच नाही. आपल्या शब्दांत, दोन वाक्यांत: ‘वी विल फिट एफकेएम. वी विल नॉट फिट एनबीआर.’ क्वालिटीच्या पोराला हे फारच बाळबोध वाटलं. ‘सर, क्लायंटला वाटेल आम्हाला इंग्रजी येत नाही.’ मी त्याला विमानांचं उदाहरण दिलं. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिका वेगवेगळ्या देशांतले मेकॅनिक वाचतात, म्हणून विमान उद्योगाने १९८० च्या दशकात मुद्दाम आखडतं इंग्रजी तयार केलं. आज त्याला एएसडी-एसटीई १०० म्हणतात. तत्त्व एकच: एका शब्दाला एकच अर्थ. त्यात फॉलो म्हणजे फक्त मागून येणं. ‘सूचना पाळा’ असं सांगायला फॉलो वापरायची परवानगी नाही. ज्यांच्या हातात विमानं आहेत त्यांना बाळबोध इंग्रजीची लाज वाटत नाही. पोरगा पटल्यासारखा दिसला नाही, पण नंतर त्याने मला त्या मानकाबद्दल दोनदा विचारलं.

मग सरळ रिप्लेस का वापरू नये? मालकांचा हा प्रश्न रास्त होता. रिप्लेसचा स्वभाव खरोखर सरळ आहे. ‘रिप्लेस एनबीआर विथ एफकेएम’: थेट पुढे येतं ते जाणारं. कर्मणी प्रयोगात ‘एनबीआर वॉज रिप्लेस्ड बाय एफकेएम’: जाणारं कर्त्याच्या जागी आलं, तरी ते जाणारंच. आयएसओच्या मानकांच्या प्रस्तावनेत ‘ही आवृत्ती आधीची आवृत्ती रद्द करून तिची जागा घेते’ अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य असतं; त्यात येणारी आवृत्ती कर्ता होते, पण रिप्लेसच्या थेट पुढे जुनीच. बाय आणि विथमधला फरकही फार त्रास देत नाही: कामगाराने बदललं तर बाय कामगाराला, विथ नव्या भागाला, ‘द रिंग वॉज रिप्लेस्ड विथ अ न्यू वन बाय द फिटर’. कामगार वाक्यात नसेल तर दोन्ही चालतात.

पण रिप्लेसमध्येही एक खड्डा आहे. ‘रिमूव्ह द प्लग, क्लीन द सीट अँड रिप्लेस द प्लग.’ इथे नवा प्लग आणायचा नाहीये; काढलेलाच साफ करून परत जागेवर लावायचा आहे. देखभालीच्या पुस्तिकांत हा अर्थ बऱ्याचदा येतो. भोसरीतच नव्हे, कुठेही, परचेसवाला हे वाचून नवा प्लग मागवेल आणि त्याला दोष देता येणार नाही. त्यामुळे रिप्लेस लिहायचं तर विथ आणि नव्या भागाचा नंबर घालूनच लिहायचं, आणि परत लावायचं असेल तर रिफिट किंवा इन्स्टॉल म्हणायचं.

कन्फर्म आणि कन्फॉर्म

मेल चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. त्या लॉटशी तिचा संबंध नाही, पण ती गेली कित्येक वर्षं या कारखान्यातून प्रत्येक तपासणी-दाखल्यावर छापून जात होती: ‘ऑल पार्ट्स आर कन्फर्मिंग टू युवर ड्रॉइंग.’ कन्फर्म म्हणजे खात्रीने सांगणं, आणि त्याला टू लागत नाही: ‘वी कन्फर्म द डिलिव्हरी डेट.’ ड्रॉइंगबरहुकूम असणं म्हणजे कन्फॉर्म, आणि त्याला टू लागतं. कंप्लाय म्हणायचं असेल तर विथ. तिन्ही शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात, त्यामुळे कन्फर्मला कन्फॉर्मचा टू चिकटतो आणि ‘कंप्लाय टू’ही जन्माला येतं. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात हा शिक्का मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की तो एकाच छापखान्यातून येत असावा असा मला संशय आहे. गिऱ्हाईकाला अर्थ कळतो, कुणी माल परत पाठवत नाही. पण क्वालिटीच्या कागदावर क्वालिटीचाच मुख्य शब्द चुकलेला असणं वाईट दिसतं. तो शिक्का बदलला.

पुढे काय झालं

लॉट उघडला गेला. सगळ्या ब्लॉकमधल्या रिंगा काढून व्हायटॉनच्या बसवल्या, पुन्हा दाबाखाली तपासणी केली, माल एक आठवडा उशिरा गेला. गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत मटेरिअल बदलणं म्हणजे मॅन, मशीन, मटेरिअल, मेथड यांपैकी एकाचा बदल, आणि अशा प्रत्येक फोर-एम बदलाची नोंद करून गिऱ्हाईकाची लेखी मान्यता घ्यावी लागते. हे ब्लॉक त्या कडक यादीत बसत नव्हते म्हणून बदल नुसत्या मेलवर चालला होता. आता तो मेलवर चालत नाही. बदलाच्या फॉर्मवर दोन रकाने आहेत, ‘काढायचं’ आणि ‘बसवायचं’, दोन्हीकडे पार्ट नंबर, आणि तिसरा रकाना ‘का’. तिसऱ्यासाठी मालकांना आग्रह धरावा लागला. आपल्याला फोनवर कळलेलं कागदावर आणायला ते सहजी तयार नव्हते. मटेरिअलचं नाव शॉपच्या शब्दात लिहायचं, म्हणजे एफकेएमसमोर व्हायटॉन, एवढं सुपरवायझरकाकांनी सुचवलं. ते फॉर्मवर छापूनच घेतलं.

पैशाचा वाद थोडा चालला. मालकांचं म्हणणं, आमच्या उत्तरात एनबीआर लिहिलेलं होतं, तुम्ही ‘थँक्स’ म्हटलंत. गिऱ्हाईकाचं म्हणणं, आमची सूचना स्पष्ट होती. दोघांचंही खरं होतं. माझ्या अहवालात मी तेवढंच लिहिलं: सूचना प्रमाण इंग्रजीत बरोबर, ती उलटी वाचली जाणं समजण्यासारखं, आणि उत्तर दोन्ही बाजूंनी न वाचता गेलं. शेवटी गिऱ्हाईकाने उशिराचा दंड लावला नाही आणि जुळवणीची मजुरी कारखान्याने सोसली. उरलेल्या नायट्राइल रिंगा दादांनी स्टोअरमध्ये परत घेतल्या, आणि काट्यात नायट्राइलचं वजन वेगळ्या नंबरखाली साठवलं.